वाजवणाऱ्याचं नाव

माढ्यात गाणं रिलीज होतं ते गाडीवरून. टेम्पोवर बेस आणि टॉपचे स्पीकर रचायचे, मागं जनरेटर जोडायचा, आणि वरातीत नाहीतर गणपतीच्या मिरवणुकीत ते पहिल्यांदा वाजलं की गाणं आलं असं समजायचं. दुसऱ्या दिवशी ते यूट्यूबवर चढतं. मिक्स करणाऱ्याचं नाव दर थोड्या वेळानं घुमत्या आवाजात ओरडून सांगितलेलं असतं, कारण शेजारच्या तालुक्यातला कुणीतरी ते उचलून आपलं म्हणून वाजवेल ही धास्ती. मूळ गाणं कुणी गायलं, त्यात वाजणारी हलगी कुणाच्या हातची, हे मात्र बहुतेक वेळा कुठंच नसतं.

अशा गावातून एका पोराला डीप हाऊस या क्लबांतल्या नाचाच्या संगीताचं लेबल काढायचंय. म्हणजे एक चिमुकली रेकॉर्ड कंपनी: वर्षाला तीन-चार रिलीज, प्रत्येकात दोन-तीन ट्रॅक, ओळीनं क्रमांक पडलेले, कव्हर असलेले, पैसे देऊन घ्यायचे. त्याच्या मामांना हे खूळ वाटतं. मामांनी पेठेत कॅसेटचं दुकान चालवलं, कॅसेटी संपल्यावर मेमरी कार्डात गाणी भरून दिली, आणि आता त्यांची साउंडची गाडी आहे. त्यांची यंत्रं भाच्याच्या लॅपटॉपइतकीच आधुनिक, दणका तर कितीतरी मोठा. तेव्हा या वादाला जुन्या-नव्याचा वाद म्हणायची सोय नाही. दोघांची नावं इथं देत नाही. नावांवरच्या लेखात हे विचित्र दिसेल, पण मामांच्या दुकानात कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून मिळायची आणि कायद्याच्या पुस्तकात त्याला काय म्हणतात हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

मामा : मला एक सांग, तुझं ते डीप हाऊस वरातीत चालंल का?

भाचा : नाही.

मामा : गणपतीत? जयंतीला? नवरात्रात माढेश्वरीला?

भाचा : नाही चालणार, मामा.

मामा : मग काढतोयस कुणासाठी?

भाचा : ज्याला पाहिजे त्याच्यासाठी. तो माढ्यात नसेल कदाचित. बर्लिनला असेल, पुण्यात असेल, टेंभुर्णीत एखादा असेल.

मामा : टेंभुर्णीत न्हाई. मी गाडी घिऊन जातो तिथं, मला म्हायती हाय.

भाच्यानं स्पीकर लावला. मिनिटाला १२२ ठोके, प्रत्येक मात्रेवर खालचा जाड धक्का, दोन मात्रांच्या मधोमध हाय-हॅटची फुंकर. बाकी काही नाही. आधी अर्धा मिनिट, मग एक मिनिट. मग लांबून आल्यासारखे दोन कॉर्ड, तेच दोन, पुन्हा तेच.

मामा : सुरू कदी व्हणार?

भाचा : सुरू झालंय. पहिला भाग असाच ठेवतात. डीजेला आधीच्या ट्रॅकमध्ये हा मिसळायला जागा लागते. शेवटालाही तसंच, ठेका एकटा सोडून देतात.

मामा : आणि मधी?

भाचा : मधेही फार काही होत नाही. हळूहळू एकेक गोष्ट येते, एकेक जाते. ऐकणाऱ्याला कळू न देता.

मामा : आमच्यात कळलं न्हाई तर पोरं गाडी बदलत्यात. ड्रॉप यायच्या आदी सगळं बंद करायचं, दोन सेकंद शांत, आणि मग आठ अठरा-इंची बेस एकदम. छातीत बसलं पायजे.

भाचा : आणि रात्री दहाला पोलीस आले की?

मामा : तेवढं सोडून बोल.

तेवढं सोडून बोलता येत नाही, म्हणून मी मध्ये तोंड घातलं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले काही मोजके दिवस सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं. मामांच्या गाडीसमोर उभं राहिलं की ५५ हा आकडा थट्टेचा वाटतो. त्यांचा धंदा दर वर्षी एखाद्या आदेशावर लोंबकळत असतो आणि हे ते जाणून आहेत. म्हणूनच भाच्याच्या लेबलवर त्यांचा राग थोडा जास्त असावा असं मला वाटलं: स्वतःची गाडी कधी बंद पडेल सांगता येत नाही, आणि हे पोरगं ज्याला गिऱ्हाईकच नाही असा धंदा काढतंय.

भाचा : हे निघालं तेव्हा त्यालाही गिऱ्हाईक नव्हतं, मामा. शिकागोत १९७७ साली वेअरहाऊस नावाचा क्लब निघाला. फ्रँकी नकल्स तिथं रेकॉर्ड लावायचा. येणारी पोरं बहुतेक काळी नाहीतर लॅटिनो, त्यातली पुष्कळ समलिंगी. शहरात दुसरीकडं त्यांना मोकळेपणानं नाचता येत नव्हतं. १९७९ च्या जुलैत तिथल्याच एका बेसबॉल मैदानावर लोकांनी डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग करून तो उडवून दिला. मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून अंग काढून घेतलं. मग या पोरांनी कुणी घेत नव्हतं ती स्वस्तातली मशीनं घेतली आणि आपलं आपण केलं. जेसी सॉन्डर्सनं १९८४ मध्ये रेकॉर्ड काढली ती स्वतःच्याच लेबलवर. लॅरी हर्ड मूळचा ड्रमवाला. त्याचं ‘कॅन यू फील इट’ १९८६ मध्ये ट्रॅक्स नावाच्या छोट्या लेबलवर आलं. डीप हाऊस म्हणतात ते पुष्कळ जण तिथूनच मोजतात.

मामा : म्हंजे जयंतीसारखंच की. ज्यांना गाव आपल्या मिरवणुकीत घेत न्हवतं त्यांनी आपली मिरवणूक काढली. गाणीबी आपलीच लिवली.

भाच्याला हे सुचलं नव्हतं, आणि मलाही. चौदा एप्रिलच्या भीमजयंतीची गाणी विकूनच मामांचं दुकान उभं राहिलं होतं. मंगळवेढ्याच्या प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेटी, पुढं आनंद आणि मिलिंद शिंद्यांच्या, आणि ज्यांची नावं गावोगावच्या दुकानांबाहेर कधी गेली नाहीत अशा कितीतरी गायनपार्ट्यांच्या. ग्रामोफोन कंपनीची वर्षानुवर्षांची मक्तेदारी ऐंशीच्या दशकात कॅसेटनं मोडली ती अशा दुकानांतून. तबकडी छापायला कारखाना लागायचा. कॅसेट भरायला एक खोली पुरायची. लहान लेबल ही शिकागोहून आयात केलेली कल्पना नाही. मुंबईत नॅशनल ग्रामोफोन कंपनीनं १९३५ पासून १९५५ पर्यंत ‘यंग इंडिया’ या नावानं रेकॉर्डी काढल्या. बडे गवई ग्रामोफोन कंपनीच्या एचएमव्ही लेबलनं बांधून घेतलेले, म्हणून यांनी नवख्यांना गाऊ दिलं.

  

मग मी मुद्दाम काडी टाकली. म्हटलं, हर्डच्या त्या ट्रॅक्स लेबलचं पुढं काय झालं तेही मामांना सांग.

भाचा : रॉयल्टी दिली नाही, असा लॅरी हर्डचा आरोप होता. त्यानं आणि गायक रॉबर्ट ओवेन्सनं २०२० मध्ये दावा लावला. २०२२ मध्ये तडजोड झाली आणि गाण्यांचे हक्क परत मिळाले.

मामा : १९८६ चं गाणं, २०२२ ला परत?

भाचा : हो.

मामा : मग मुंबईच्या कॅसेटवाल्यांत आणि त्याच्यात फरक काय? आमच्या पार्ट्यांना बोलवायचे, एका दिवसात आठ गाणी घ्यायचे, कागदावर सही, हातावर पैसे, येण्या-जाण्याचं भाडं. गाणं चाललं तर कंपनीचं. पडलं तर गायकाचं. लेबल म्हंजे मधला माणूस, लका. उसाला मुकादम आसतो तसा.

भाचा : म्हणूनच स्वतःचं काढायचं. हर्डचंही स्वतःचं होतं, ॲलिव्हिएटेड नावाचं. त्याचा पहिला ट्रॅक त्यानं त्याच लेबलवर काढला होता.

मामा : आणि तू मुकादम न्हाई झालास म्हंजे?

या प्रश्नाला भाच्याकडं उत्तर नव्हतं. त्यानं विषय मुंबईकडं वळवला, आणि आमच्या बैठकीतला सर्वांत रंगलेला भाग तिथून सुरू झाला. चरणजित सिंग हे मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंतले वादक. १९८२ मध्ये त्यांनी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड काढली. जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रं: टीआर-८०८ वर ठेका, टीबी-३०३ वर खर्ज, ज्युपिटर-८ वर राग. भैरवी, ललत, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, मालकंस असे दहा. यातलं टीबी-३०३ हे गिटारवाल्याला घरी रियाज करताना खर्जाची साथ मिळावी म्हणून काढलेलं यंत्र. ते बाजारात आपटलं आणि कंपनीनं काही वर्षांतच बंद केलं. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोतल्या पोरांनी त्याच यंत्राची बटणं भलतीकडं पिरगाळून जो किरकिरता, वळवळता आवाज काढला त्याला ॲसिड हाऊस म्हणतात. चरणजित सिंगांची भैरवी आज कुणालाही न सांगता ऐकवली तर ती त्या पोरांचीच वाटते.

भाचा : रेकॉर्ड तेव्हा चालली नाही. पुढं एका डच संग्राहकाच्या हाती लागली. त्यानं मुंबईत येऊन चरणजित सिंगांना शोधलं आणि २०१० मध्ये आपल्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या छोट्या लेबलवर ती पुन्हा काढली. मग ते युरोपात कार्यक्रम करून आले. २०१५ मध्ये गेले.

मामा : अठ्ठावीस वर्सं. तू थांबणार हायस का तेवढं?

भाचा : थांबायचं म्हणत नाही मी. पण मामा, ती सापडली कशामुळं? कव्हरवर नाव होतं. काय वाजवलं ते लिहिलेलं होतं. तुमच्या यूट्यूबवरची हलगी मिक्स तीस वर्षांनी कुणाला सापडली, तर तो शोधत कुणाकडं येईल? ‘डीजे अमुक, माढा’ एवढंच कळेल त्याला. हलगी कुणाची?

या कथेत एक फुगवटा नेहमी शिरतो, तो इथंच काढलेला बरा. ॲसिड हाऊस मुंबईत जन्मलं, असं हौसेनं लिहिलं जातं. शिकागोत चरणजित सिंग कुणी ऐकले असल्याचा काही पुरावा नाही. तेच यंत्र दोन शहरांत दोन वेगळ्या हातांत पडलं, एवढंच म्हणता येतं. शिवाय १९८२ ची रेकॉर्ड निघाली होती ग्रामोफोन कंपनीकडूनच. मोठ्या कंपनीनं ती काढली आणि विसरली. लहान लेबलनं ती पुन्हा काढली आणि सांभाळली. भाच्याच्या बाजूनं याहून चांगला पुरावा मला माहीत नाही.

मामा मात्र हलगीपाशी अडकले होते.

मामा : हलगीवाल्याला मी पैसे देतो. वरातीला आला की संध्याकाळी रोख. नावाचं काय करायचं त्यानं?

भाचा : वरातीचे देता. रेकॉर्ड केलेल्या हलगीचे?

मामा : ती तर कुटूनबी उचलत्यात. माझ्याकडं आली ती आदीच चार जणांची झालेली आसती.

भाच्यानं उचलली नव्हती. त्याच्या पहिल्या रिलीजसाठी त्यानं तालुक्यातल्याच एका हलगीवाल्याला बोलावलं होतं, आणि त्या दिवसाची हकीकत त्याच्या तोंडून ऐकण्यासारखी आहे. रेकॉर्डिंग खोलीत करायचं ठरलं होतं. हलगीवाला आला, त्यानं खोली बघितली आणि विचारलं, जाळ कुठं करायचा? कातडं शेकल्याशिवाय हलगी बोलत नाही. शेवटी मागच्या अंगणात पाचट पेटवलं. हलगी तापली की आवाज टणक, कडक. दहा-बारा मिनिटांत ती निवते आणि सूर खाली बसतो. भाच्याचे कॉर्ड एका पट्टीत पक्के, हलगी मिनिटागणिक खाली. त्याला प्रत्येक तुकडा हलगी नुकतीच शेकलेली असताना घ्यावा लागला. हलगीवाल्यासोबत घुमकं आणि कैताळ वाजवणारे दोघे आले होते; त्यांचं वादन वेगळं घ्यायचं त्यानं सुचवलं, तेव्हा तिघांनी एकमेकांकडं असं बघितलं की त्यानं विषय सोडला.

खरी गंमत पुढं. कानात क्लिकची टिकटिक लावून वाजवा म्हटल्यावर हलगीवाल्यानं दोन मिनिटं वाजवलं आणि हेडफोन काढून ठेवला. म्हणाला, हे मला मागं वढतंय. कुस्तीच्या फडात वाजवणारा माणूस. पैलवानानं डाव टाकला की हात पुढं सरकतो, पकड लांबली की दबून वाजतो. भाच्यानं ते रेकॉर्डिंग संगणकात तुकडे करून १२२ च्या चौकटीत बसवलं. सगळं अचूक बसलं आणि हलगी मेली. मग त्यानं उलटं केलं. हलगी जशी वाजली तशी ठेवली आणि मशीनचा ठेकाच तिच्यामागं मागं-पुढं सरकवला.

त्यानं तो ट्रॅक लावला. मामांनी या वेळी ‘सुरू कदी व्हणार’ विचारलं नाही. हलगी आल्यावर म्हणाले, “ह्यो फडातला हात हाय.” आणि त्यांनी वाजवणाऱ्याचं नाव घेतलं. बरोबर निघालं.

मामा : त्याला किती दिले?

भाचा : बोलावलं त्या दिवसाचे दिले, आणि येईल त्यातला निम्मा हिस्सा लिहून दिलाय.

मामा : निम्मा कशाचा?

इथं भाच्याचा हिशेब कच्चा आहे. बँडकॅम्पवर एखाद्यानं शंभर रुपयांना ट्रॅक घेतला तर पंधरा रुपये त्यांचे, वर पैसे वळते करण्याचा खर्च. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून वर्षभरात हजार वेळा न ऐकलेल्या ट्रॅकला काहीच मिळत नाही. माढ्यातून निघालेला डीप हाऊस हजाराच्या पलीकडं जाईलच याची खात्री भाचाही देत नाही. शून्याचा निम्मा हिस्सा कागदावर कितीही सुंदर दिसला तरी त्यानं हलगीवाल्याच्या घरात तेल-मीठ येत नाही. मामांचे रोख पैसे येतात. या मुद्द्यावर मी पूर्णपणे मामांच्या बाजूचा आहे, आणि मी तसं भाच्याला सांगितलंही.

पण मामांच्या बाजूनं तेवढंच. वरातीत गाणं वाजवायला परवाना लागत नाही. कॉपीराइट कायद्यानंच लग्नाच्या वरातीला सूट दिली आहे आणि २०२३ च्या जुलैत केंद्रानं तसं पुन्हा स्पष्ट केलं. तेच गाणं मिक्स करून यूट्यूबवर चढवलं की सूट संपते. मग कंपनीचा दावा येतो, जाहिरातीचे पैसे तिकडं वळतात. तीन स्ट्राइक साठले तर चॅनेलच जातं. मामांच्या ओळखीतल्या पोरांवर ती वेळ आलेली आहे, आणि तेव्हा ही पोरं ‘आमचं मिक्स, आमची मेहनत’ म्हणून कळवळतात. त्याच कायद्यात वादकही कलाकार आहे, त्याच्या वादनावर त्याचा पन्नास वर्षं हक्क आहे, आणि २०१२ च्या दुरुस्तीपासून व्यापारी वापरातल्या रॉयल्टीचाही. मुंबईच्या कंपनीनं आपला दावा ठोकला की अन्याय, आणि आपण गावातल्या हलगीवाल्याचा तुकडा उचलला की ‘कुटूनबी उचलत्यात’, हे दोन्ही एकाच तोंडानं बोलता येणार नाही.

मामांना हे पटलं असं मी म्हणणार नाही. ते म्हणाले, “बघू.” सोलापूर जिल्ह्यात बघूचा अर्थ बघणाऱ्यावर असतो.

भाच्याच्या लेबलविषयी माझं मत विचाराल तर त्यानं ते काढावं. पण त्यानं योजलेलं इंग्रजी नाव मला आवडलेलं नाही, आणि त्यानं निवडलेलं धुक्यातल्या परक्या शहराचं कव्हर तर अजिबात नाही. उजनीचं पाणी याच तालुक्यात, कुर्डुवाडीचं रेल्वे वर्कशॉप याच तालुक्यात, आणि पोरगं धुकं कुठून आणतंय? वर्षाला तीन-चार रिलीज काढण्यापेक्षा दोन काढावेत आणि दोन्हींत वाजवणाऱ्याला पैसे आधी द्यावेत. रेकॉर्ड विकली गेली नाही तर तोटा लेबलचा, हे कागदावर पहिल्या ओळीत असावं. तेवढं केलं की तो मुकादम होणार नाही.

आणि माढा तालुक्यातल्या साउंडवाल्यांना, मिक्सवाल्यांना एक विनंती. यूट्यूबवर ट्रॅकखाली वर्णनाची जागा असते. तिथं सध्या तुमचे मोबाईल नंबर आणि बुकिंगचा पत्ता असतो. त्याच्याच वर दोन ओळी टाका : मूळ गायक कोण, हलगी-घुमकं-कैताळ कुणाचे. पैसा लागत नाही, परवाना लागत नाही. येत्या गणपतीच्या मिक्सपासूनच करा.